थोरलीचा टाक

नवऱ्याचं नाव घेते म्हणून तोंडाला पदर लावू नका. हैबती. घेतलं. ज्या बाईचं तेरावं झालं तिला आता कसलं बंधन? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझी तर मेल्यावरही गेली नाही.

मुसी नदीला मोठा पूर आला त्यानंतरच्या चौथ्या सालची गोष्ट. चादरघाटाच्या खाली नदीकाठाला आमची माळ्यांची वाडी, सात घरांची. आज्या-पणज्यांनी उदगीरकडून येऊन इथं वाफे घातले आणि हैद्राबादला पालक-मेथी पुरवता पुरवता आम्ही इथलेच झालो. मंडीत दखनी, शेजाऱ्याशी तेलंगी, घरात मराठी. पहाटे पाटी डोक्यावर घेऊन मी मीर आलम मंडीला जायची, ऊन चढायच्या आत परत यायची, की मग निंदणी आणि पाणी. हैबती मोट हाकायचा, मी दारं धरायची. एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवता वळवता पाय दिवसभर चिखलात असायचे. हिवाळ्यात टाचांच्या भेगांत मेण भरायची आणि पुन्हा पाण्यात उतरायची. या रानाची मी मालकीण आहे असं मला वाटायचं. वाटायला काय जातं.

त्या पौषात कडब्याच्या गंजीत उंदीर मरून पडायला लागले. शहरात पिलेग होताच, तो आता वाडीत आला. मी मेथीच्या जुड्या बांधत बसले होते तेव्हा जांघेत ठणका लागला. दुपारी सुपारीएवढी गाठ होती, दिवस कलताना लिंबाएवढी झाली. सासूला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईनं माझ्या कपाळाला हात लावला आणि तो लुगड्याला पुसला. घरात रोगी सापडला तर सरकारची माणसं कौलं उतरवतात, अंथरुणं जाळतात, तेव्हा हिला आत्ताच कोरंटीत पोचवून ये, असं तिनं लेकाला सांगितलं. मी तिथंच पडलेली. मला विचारलं नाही, गाठ मात्र माझी होती.

हैबतीनं मला भाजीच्या गाडीत घातलं, कुणाला दिसू नये म्हणून वर अंबाडीचे भारे टाकले. आमची द्वारकी तीन वर्षांची. तिला आत कोंडलं होतं. ती दार बडवत होती ते मला नाक्यापर्यंत ऐकू आलं.

कोरंटी म्हणजे पिलेगच्या रोग्यांना वेगळं ठेवायची जागा, माळावर तट्ट्याच्या झोपड्या, भोवती काट्यांचं कुंपण आणि दारात एक शिपाई. हैबतीनं मला दारात उतरवलं, लांबूनच बोलला की येत जाईन, आणि बैल वळवले.

मी तुळजापूरच्या आईचे आठ वर्षं मंगळवार धरले होते. द्वारकी त्या मंगळवारांची, असं मी मानायची. पहिले चार दिवस मी आईलाच हाका मारत होते. माझ्या उजव्या हाताला एक बामणाची सून होती, ती रात्रंदिवस स्तोत्रं म्हणायची. ती गेली. डाव्या हाताची कलालाची बाई डॉक्टरला, शिपायाला, देवाला, सगळ्यांना आयमाय उद्धरून शिव्या द्यायची. ती जगली. त्या मंगळवारी मी पेज मागून प्याले आणि तेव्हापासून उपास सोडला तो सोडलाच.

पेज पाजायची मल्लम्मा. तेलंगी बाई. आमच्या विहिरीवर तिच्या जातीला चढू देत नव्हते. गाठ फुटली तेव्हा पू तिनं पुसला, माझी घाण तिनं काढली, आणि मी भ्रमात तिला आत्याबाई म्हणून लाथ मारली ती तिनंच खाल्ली. देवीनं मला वाचवलं असेल तर हात मल्लम्माचे उसने घेतले होते. मग मी हातांनाच नमस्कार केला.

दीड महिन्यानं उभी राहिले तर डावा पाय आखडलेला. अजूनही तो तसाच टाकते. रोज कुंपणाशी बसून मी वाडीकडच्या रस्त्याला डोळे लावायची. कुणी येईना. मी त्यांची समजूत घालायची, स्वतःचीच खरं तर. मोट सोडून कसा येईल, बैल आजारी असेल, वाट बंद असेल. बाई माणूस नवऱ्यासाठी कारणं शोधायला लागली की तिला कमी पडत नाहीत.

मग एक दिवस आमच्याच वाडीतली तान्हाबाई ताप घेऊन कोरंटीत आली. मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला तर ती किंचाळून भिंतीला चिकटली. भूत भूत करायला लागली. मल्लम्मानं तिला माझा हात चाचपायला लावला तेव्हा कुठं ती बोलली.

कोरंटीतली आमची पहिली झोपडी जाळली होती. रोगी मेलेली झोपडी जाळायचेच. मला त्याआधी दोन दिवस दुसरीत हलवलं होतं. वाडीतल्या कुणी तरी लांबून धूर पाहिला आणि घरी सांगितलं की गोजरा, म्हणजे मी, गेली. आत येऊन विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. माझ्या जागी कणकेची बाहुली करून जाळली. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शिवेल कसा, मी इथं पेज खात होते ना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला, आणि महिन्याच्या आत हैबतीनं दुसरी आणली. बिदरकडची, भिवरा नावाची, पंधरा वर्षांची. आणि रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात माझा टाक घातला.

आमच्यात दुसरी करताना पहिलीचा टाक करतात. चांदीचा चपटा तुकडा, त्यावर बाईची आकृती. मेलेल्या सवतीनं नव्या नवरीला त्रास देऊ नये म्हणून नव्या नवरीनं तो गळ्यात घालायचा. घास आधी त्याला दाखवायचा, नवं लुगडं आधी त्याच्यावरून उतरायचं. म्हणजे मी मल्लम्माच्या हातची पेज पीत होते तेव्हा घरी मला पुरणाचा नैवेद्य चालू होता. मी हसले. हसू थांबेना तेव्हा मल्लम्मानं मला एक चापट मारली.

तरी मी म्हणलं, चूक झाली असेल. धूर पाहिला, समजले मेली. माणसाची चूक होते. मग मी दारावरच्या शिपायाला विचारलं. चांदमियां म्हातारा माणूस, खोटं कशाला बोलेल. त्यानं जरा आठवलं आणि म्हणाला, “तुमारा मरद आया था एक बार. मैं बोला जिंदी है, मिलके जाओ. बोला, नक्को. हातां पीले थे उसके.”

हळदीचे हात. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याला कळलं होतं की मी जिती आहे, आणि तो परत जाऊन बोहल्यावर उभा राहिला.

त्या दिवसापासून मला दोनच गोष्टी हव्या होत्या. माझी द्वारकी, आणि त्याच्या तोंडून चारचौघांत हे कबूल झालेलं. कोरंटीच्या शिपायाची साक्ष आमच्या जातीत कुणी धरली नसती. त्याच्याच तोंडून पाहिजे होतं. डॉक्टर म्हणाला होता की एकदा गाठ येऊन गेलेल्या बाईला पुन्हा भ्यायचं कारण नाही, इथंच रोग्यांची सेवा कर, राहायला खोली देतो. मी त्याला म्हणलं, येते, पण आधी आठ दिवस द्या. घरी एक काम राहिलंय.

चैत्र लागला होता. भर दुपारी मी वाडीत शिरले. वाटेत एक कुत्रं तेवढं ओळखून शेपूट हलवत आलं. ओसरीवर एक पोरगी जेवायला बसली होती, माझी जुनी हिरवी बांगडी तिच्या हातात सैल होत होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, गळ्यातला टाक बोटात धरून त्याला दाखवला, आणि हळूच म्हणाली, “जेवा, आक्का.”

“जेवते की,” मी म्हणलं. “वाढ.”

ती मागच्या मागं पडली. आत्याबाई बाहेर आली आणि उंबऱ्यातच खाली बसली. मग आतून द्वारकी आली. लेकरू बोटभर वाढलं होतं. मी दोन्ही हात पसरले. आत्याबाईला काय सुचलं कोण जाणे, ती पोरीला म्हणाली की पाया पड, थोरली आई आली. द्वारकीनं माझ्यापुढं जमिनीला डोकं टेकवलं, दोन्ही हात जोडले, आणि लांब जाऊन भिवराच्या पदराआड उभी राहिली.

हैबतीला रानातून बोलावून आणलं. त्यानं मला पाहिलं, मग माझ्या पायाकडं पाहिलं, पाय उलटे तर नाहीत ना. नंतर रडायला लागला. म्हणे, आम्हाला वाटलं तू गेलीस, कुणी सांगितलंच नाही, सांगितलं असतं तर धावत आलो असतो. डोळ्यांतून पाणी खरं होतं. लबाड माणूससुद्धा खरं रडतो.

मी हळदीचा विषय काढला नाही. मला घरात घेता येईना, कारण मी कोरंटीत सगळ्या जातींच्या हातचं खाल्लेलं. बाहेर काढता येईना, कारण मी देव्हाऱ्यातली. चार दिवसांनी जात पंचायतीला बसेल तेव्हा ठरेल, तोवर गोठ्याला लागून असलेल्या सोप्यात राहा, असं झालं. मी म्हणलं बरं. पण टाकाला जे देता ते मला रोज पोचलं पाहिजे, आणि हैबतीनं स्वतः आणलं पाहिजे. पहिली भाकरी, पहिलं वरण, ताटावर पाणी फिरवून. नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. आत्याबाईच्या डोळ्यांत मी बाई कमी आणि कोप जास्त होते.

तर तीन दिवस हैबती सात घरांच्या देखत ताट घेऊन सोप्यापर्यंत यायचा, माझ्यापुढं ठेवायचा आणि हात जोडून माझं जेवण होईस्तोवर उभा राहायचा. मी सावकाश खायची. एकेक घास बत्तीस वेळा चावून. बायका विहिरीवरून बघायच्या, पोरं फिदीफिदी हसायची. एकदा मी मीठ कमी म्हणून ताट परत पाठवलं. मीठ बरोबर होतं.

दुपारी मी मोटेजवळ बसायची आणि त्याचं काम बघायची. तो बैल मागं सारायचा, नाडा सैल पडायचा, माझ्याकडं बघायचं टाळून तो आकाशाकडं बघायचा. तिकडं भिवरा दारं धरायची. तिला पाण्याचं कळत नव्हतं. एक वाफा भरायच्या आधी दुसऱ्याचं तोंड फोडायची, वरंबे वाहून जायचे, हैबती तिच्यावर ओरडायचा. कोपऱ्यातला पालक वाळून पिवळा पडला होता. तिसऱ्या दिवशी मला बघवेना. रानाचा काय दोष? मी लंगडत उतरले, तिच्या हातचं खोरं घेतलं आणि पाणी वळवून दाखवलं. आधी लांबचा वाफा, मग जवळचा, पाणी स्वतः चालतं, त्याला ढकलायचं नसतं. ती माझ्यापासून दोन हात दूर राहून शिकत होती.

मी विचारलं, टाकाची भीती वाटते का? हो म्हणाली. लग्नानंतर आठ दिवस ताप होता, थोरली कोपली म्हणून आत्याबाईनं भर थंडीत ओल्या लुगड्यानं टाकापुढं बसवलं होतं. बापाला निरोप धाडू का म्हणलं तर मार बसला. मग ती म्हणाली की द्वारकी मात्र टाक मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. आई कुठं म्हणून रडायची, तेव्हा भिवरानंच तिला सांगितलं होतं की आई यात आहे. पोर आधी टाकाशी बोलायची. आता बोलणं कमी झालं होतं आणि भिवरालाच आई म्हणायला लागली होती. ती हे चोरी कबूल केल्यासारखी सांगत होती.

तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काहीच नव्हतं. हे मला कळत होतं. तरी तिला आई म्हणतात हे ऐकून माझ्या पोटात जे पेटलं ते पाटाच्या पाण्यानं विझलं नाही.

चौथ्या दिवशी पिंपळाच्या पारावर जात बसली. थोरले रंभाजी तात्या मध्ये. भिवराचा बाप मुकिंदा बिदरकडून गाडी करून आला होता, गरीब, मोठ्या मिशांचा माणूस. तात्यांनी सगळं ऐकलं आणि शहाण्यासारखा निवाडा केला. चूक झाली, ती देवाघरची. हैबतीनं जातीला जेवण द्यावं, गोजराला गोमूत्र देऊन शुद्ध करून घ्यावं, दोन बायका असणं काही नवल नाही, थोरलीनं थोरलीसारखं राहावं, धाकटीनं धाकटीसारखं. लोक माना डोलवायला लागले. आत्याबाईचा चेहरा उजळला. तिला माझे हात रानात हवेच होते.

मी म्हणलं, तात्या, निवाडा मान्य. पण आधी एक शपथ पाहिजे.

मी भिवराला टाक काढायला सांगितला. ताटलीत भंडारा पसरून त्यावर तो ठेवला. त्या चार दिवसांत मी तो पहिल्यांदाच नीट बघितला. नाक माझ्यासारखं नव्हतंच. चांदीचा तुकडा तो, आत कुणी असतं तर ती मी असते, आणि मी तर इथं उभी होते. माझी भीती कोरंटीत जळून गेली होती. हैबतीची शाबूत होती. टाकावर हात ठेवून खोटं बोललं तर वर्ष पुरं होत नाही, असं त्याच्या आज्यानं सांगितलेलं, बापानं सांगितलेलं, आणि त्याचा त्यावर बैलावर नसेल एवढा भरवसा होता. मला त्याला तिथंच धरायचं होतं.

“याच्यावर हात ठेव,” मी म्हणलं, “आणि सांग, हळद लागली त्या दिवशी तू कुठं गेला होतास.”

आत्याबाई पुढं आली, मी ठेवते हात म्हणाली. मी म्हणलं, आत्याबाई, नवरा तुमचा नव्हता. तात्यांनी तिला मागं बसवलं. हैबतीनं हात पुढं केला, ताटलीच्या काठाला लावला, परत घेतला. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. कोरंटीच्या कुंपणाशी रोज त्याची वाट बघितली होती, आणखी थोडी बघायला मला जड नव्हतं.

“गेलो होतो,” तो म्हणाला.

कुठं, तात्यांनी विचारलं.

“कोरंटीच्या दारात. रुखरुख लागली म्हणून गेलो. शिपाई म्हणाला, जिती आहे. मांडव घातला होता, पाहुणे आले होते. घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, तेरावं झालेलं माणूस परत आणलं तर घरातलं दुसरं जातं. मेली ती मेलीच राहू दे.” मग त्यानं हात टाकावर ठेवला आणि तिथंच वाकून बसला. “मला भेटायचं होतं, गोजरे. आत यायचं धाडस झालं नाही.”

मला बरं वाटलं. लपवत नाही. ताप उतरल्यावर पहिला घाम येतो तसं अंग हलकं झालं. आत्याबाई पदरानं तोंड झाकून बसली होती आणि तिच्या शेजारची बाई तिच्यापासून हातभर सरकली, तेही मी बघून घेतलं.

तात्यांनी हैबतीचं हुक्का-पाणी बंद केलं. त्याच्या मोटेला कुणी हात लावायचा नाही, त्याच्या घरची आग कुणी न्यायची नाही. मुकिंदा उठला. ज्यानं जितीला मेली केली त्याच्या घरी माझी लेक ठेवत नाही म्हणाला, आणि भिवराचं मनगट धरून तिला गाडीकडं घेऊन गेला. ती रडत नव्हती. पंधराव्या वर्षी टाकलेली म्हणून बापाच्या घरी जन्म काढणार होती, आणि हे पारावरच्या प्रत्येक बाईला कळत होतं. मलाही. मी एक शब्द बोलले असते तर तात्यांनी गाडी थांबवली असती. मी बोलले नाही. माझी जीभ उचललीच नाही, कारण माझी पोर तिला आई म्हणत होती.

पोर बापाची, असं कुणीतरी पुटपुटलं. मी हैबतीकडं बघितलं. त्यानं मान वर न करता हातानंच सांगितलं, ने.

मी द्वारकीकडं वळले तर ती जागेवर नव्हती. गाडी निघाली होती आणि ती धुरळ्यात गाडीमागं पळत होती, आई आई करत. मी आखडल्या पायानं जेवढं पळता येईल तेवढं पळाले आणि बांधाजवळ तिचा हात पकडला. तिनं झटका दिला.

“आगं मी आई,” मी म्हणलं. “मी हाय तुझी आई.”

तिनं माझ्याकडं बघितलं. भीतीनं नव्हे, घाईनं.

“तू देव हायेस,” ती म्हणाली. “आई तिकडं चाललीय. सोड.”

आणि तिनं खाली वाकून माझ्या मनगटाचा चावा घेतला. दात रुतले, रक्त आलं. गाडी वळणावर गेली, भिवरा मागं वळून बघत होती. कोरंटीची वाट दुसऱ्या बाजूला होती. मी तिकडं चालायला लागले, लेकरू ओरडत होतं, पाय घासत होतं, आणि मी हात सोडला नाही.